नाजूक कातडीचे बाळ आणि पाळण्याजवळची स्पॅनिश

शेती व आरोग्याच्या पानावर स्पॅनिश भाषा कशासाठी, असे पेडणे-डिचोलीकडच्या आमच्या वाचकांना वाटेल. विषय खरे म्हणजे बाळाच्या संगोपनाचा आहे. काही बाळे इतकी नाजूक कातडी घेऊन जन्माला येतात की उचलताना बोट जरा घासले तरी तिथे फोड उठतो. अशा बाळाच्या आईचे रोज कित्येक तास पट्ट्या बदलण्यात जातात. आपल्या हातून इजा होईल या भीतीने घरची बाकीची माणसे पाळण्यापासून लांब राहतात. आई एकटी पडते आणि थकते. थकलेल्या हाताने बाळाला अधिक इजा होते.

घरातील चार माणसांना पाळण्याजवळ आणायचे आणि बाळाला कसे हाताळावे हे शिकवायचे, हाच यावरचा मार्ग आहे. नव्या भाषेचे थोडेसे शब्द त्यासाठी कसे उपयोगी पडतात, ते या लेखात पाहू.

हा रोग कोणता?

डॉक्टर याला एपिडर्मोलिसिस बुलोसा म्हणतात. कातडीला वरचा आणि खालचा असे दोन मुख्य थर असतात. त्यांना एकमेकांना घट्ट धरून ठेवणारे बारीक प्रथिनांचे धागे असतात. लावणी केलेल्या भाताच्या रोपाचे उदाहरण घ्या. महिन्याभराने ते रोप ओढून निघत नाही, कारण मुळांनी चिखल धरलेला असतो. काल लावलेले रोप मात्र नुसता पाय लागला तरी सुटून तरंगते. या बाळांच्या कातडीत ते ‘मूळ’ जन्मतःच कच्चे असते. वरचा थर सुटतो, मधल्या जागेत पाणी भरते आणि फोड तयार होतो.

रोगाचे मुख्य प्रकार चार आहेत. काही प्रकारांत फक्त तळहात व तळपाय फोडतात आणि मूल चांगले वाढते. काहींत तोंडात व अन्ननलिकेतही फोड येतात, जखमा भरताना बोटे एकमेकांना चिकटतात आणि जिवाला धोका असतो. साधारणपणे पन्नास हजार जन्मांमागे एका बाळाला हा रोग असतो.

हा रोग संसर्गाचा नाही. बाळाला जवळ घेतल्याने तो कोणालाही लागत नाही. आईने गरोदरपणी काय खाल्ले, ग्रहण पाहिले की नाही, कोणाची दृष्ट लागली, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. दोष जनुकात असतो. तो कधी आईकडून किंवा वडिलांकडून येतो, कधी निरोगी दिसणाऱ्या दोघांकडून मिळून येतो, तर कधी बाळातच नव्याने उद्भवतो. म्हणून सुनेला बोल लावणे हे अज्ञान तर आहेच, पण अन्यायही आहे.

नवजात बाळाला फोड येण्याची इतरही कारणे असतात आणि त्यांतील काही जंतुसंसर्गाची असतात. म्हणून घरी निदान करू नये. फोड दिसताच बाळाला जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे आणि तिथून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग व बालरोग तज्ज्ञांकडे न्यावे.

फुलपाखराची कातडी

इंग्लंडमध्ये फिलिस हिल्टन या बाईंच्या डेब्रा नावाच्या मुलीला हा रोग होता. त्यांनी इतर पालकांना एकत्र करून १९७८ साली एक संस्था उभी केली आणि मुलीच्या नावावरून तिलाही ‘डेब्रा’ म्हणू लागले. आज अनेक देशांत अशा संस्था आहेत. स्पेनमधील संस्था १९९३ साली पालकांनीच सुरू केली. अशा बाळाच्या घरच्यांना कातडी कशी सांभाळावी हे शिकवायला तिच्या परिचारिका जातात.

स्पेनमध्ये या रोगाला ‘पिएल दे मारिपोसा’ म्हणतात. पिएल म्हणजे कातडी आणि मारिपोसा म्हणजे फुलपाखरू. फुलपाखराच्या पंखाला बोट लागले की त्यावरची पूड निघते, तशी ही कातडी. ‘मारिपोसा’ हा शब्द बहुधा ‘मरिया, खाली बस’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आला असावा, असे स्पॅनिश कोशकार सांगतात. रोगाच्या नावातच पवित्र मातेचे नाव दडलेले आहे, हे ऐकून कुठल्याही ख्रिस्ती आईला धीर येईल.

आणखी एक शब्द पाहा. जखम साफ करून पट्टी बदलणे याला स्पॅनिशमध्ये ‘ला कूरा’ म्हणतात. ‘एल कूरा’ म्हटले तर अर्थ होतो फिर्गजेचा पाद्री! दोन्ही शब्दांचे मूळ ‘काळजी घेणे’ या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दात आहे. पाद्री आत्म्याची काळजी घेतो आणि आई कातडीची.

स्पॅनिश आपल्याला किती परकी?

फारशी परकी नाही. पोर्तुगीज ही तिची सख्खी बहीण, आणि पोर्तुगीज शब्द आपल्या घरात रोज वावरतात. आपण मेज म्हणतो, तिथे स्पॅनिशमध्ये मेसा. आपला साबण तो खाबोन, चावी ती यावे, पाव तो पान, इगर्ज ती इग्लेसिया. बटाट्याला स्पेनमध्ये पाताता म्हणतात. पाद्री तर पाद्रेच. घरात पोर्तुगीज शिकलेले आजोबा किंवा आजी असतील, तर त्यांना अर्धी स्पॅनिश आपोआप समजते. पाळण्याजवळ बसून शिकवायला त्यांच्यासारखा मास्तर नाही.

उच्चाराचे नियमही सोपे आहेत. रोमन लिपीतले ‘एच’ अक्षर बोलायचे नाही. ‘जे’ अक्षराचा उच्चार घशातून ‘ख’ सारखा करायचा. आपल्या गोंयच्या सायबाचा जन्म १५०६ साली नवारा प्रांतात ज्या वाड्यात झाला, त्याचे नाव स्पॅनिश माणूस ‘खाविएर’ असे उच्चारतो. दोन ‘एल’ जोडून आले की बहुतेक ठिकाणी ‘य’ म्हणतात. त आणि द हे मराठीसारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे, इंग्रजीसारखे ट-ड नव्हेत.

सात शब्द, सात नियम

दर आठवड्याला एकच शब्द घ्यावा. पट्टी बदलताना घरातील एका माणसाने जवळ बसावे. आईने शब्द सांगावा आणि त्या शब्दाचे काम करून दाखवावे. काम नीट जमले तरच शब्द शिकला असे धरावे. पुढच्या आठवड्यात त्या माणसाने तोच शब्द दुसऱ्याला शिकवावा.

१. देस्पासिओ, म्हणजे सावकाश. बाळाला काखेत हात घालून कधीही उचलू नये. आधी त्याला हळूच एका कुशीवर कलते करावे, एक हात मान व डोक्याखाली आणि दुसरा ढुंगणाखाली ठेवावा, मग बाळाला पुन्हा हातांवर येऊ द्यावे आणि सरळ वर उचलावे. हात अंगावरून सरकवू नये. मऊ गादीच्या तुकड्यासकट उचलले तर आणखी चांगले. शिकणाऱ्याने आधी पिकलेल्या पपईवर सराव करावा. पपईवर बोटांचा वण उठला, तर अजून बाळाला हात लावू नये.

२. मानो, म्हणजे हात. हात साबणाने धुवावेत आणि नखे कापावीत. अंगठी व बांगड्या काढून ठेवाव्यात. या बाळाला मालीश, डाळीच्या पिठाने चोळणे आणि शेक ही आपली रीत पूर्ण वर्ज्य आहे. सुइणीला हे आधीच स्पष्ट सांगावे. करगोटा, वाळे आणि गळ्यातली साखळी घालू नये.

३. आल्गोदोन, म्हणजे कापूस. कपडे मऊ सुती आणि पुढून उघडणारे असावेत. ते उलटे घालावेत, म्हणजे शिवण बाहेर राहते. इलॅस्टिक नको. जखमेवर मात्र सुटा कापूस कधीही ठेवू नये, कारण तो चिकटतो. पावसाळ्यात दुपटी नीट वाळत नाहीत, ती इस्त्री करून वापरावीत. उन्हाळ्यात घामाने फोड वाढतात, म्हणून बाळाला हवेशीर जागी ठेवावे. मळणीची धूळ व कूस त्याच्या खोलीत येऊ देऊ नये.

४. आगुखा, म्हणजे सुई. फोड तसाच ठेवला तर तो पसरत जातो. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या निर्जंतुक सुईने फोडाच्या सर्वांत खालच्या बाजूला छिद्र पाडून पाणी जाऊ द्यावे. वरची कातडी काढू नये, तीच जखमेचे झाकण असते. हे काम परिचारिकेकडून प्रत्यक्ष शिकूनच करावे.

५. आग्वा, म्हणजे पाणी. पट्टी चिकटली तर ओढू नये. कोमट पाण्याने ती भिजवावी आणि सुटेपर्यंत थांबावे. कातडीवर चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. न चिकटणारी सिलिकॉनची पट्टी उत्तम असते. ती न मिळाल्यास व्हॅसलीनची निर्जंतुक जाळी चालते, असे डॉक्टर सांगतात. एकावेळी एकच हात किंवा पाय उघडावा. बोटे चिकटण्याचा धोका असेल तर प्रत्येक बोट वेगळे गुंडाळावे.

६. ओखा, म्हणजे पान. इथे गंमत आहे. स्पॅनिशमधले ‘पान’ म्हणजे आपला पाव, आणि आपले केळीचे पान म्हणजे ‘ओखा दे प्लातानो’. या पानाचा औषधोपचारात खरोखरच उपयोग झाला आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाच्या निर्जंतुक पट्ट्या वापरून पाहिल्या आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कातडी काढलेल्या जागी व्हॅसलीनच्या जाळीपेक्षा ही पट्टी काढताना रुग्णांना पुष्कळ कमी वेदना झाल्या. पानाचा पृष्ठभाग मेणचट व गुळगुळीत असल्याने तो जखमेला धरत नाही. परंतु ते रुग्ण भाजलेले वा कातडीरोपण झालेले होते, आणि पाने रुग्णालयाच्या यंत्रात निर्जंतुक केलेली होती. म्हणून भाटातले पान परस्पर आणून बाळाच्या जखमेवर ठेवू नये. डॉक्टरांना विचारावे. त्यांनी होकार दिला तर औषध न फवारलेली कोवळी पाने पुरवणे हे काम शेतकऱ्याच्या हातचे आहे. हळद, राख, पाल्याचा रस आणि भिरंडेल तेल हेही जखमेवर लावू नये.

७. देस्कान्सो, म्हणजे विश्रांती. हा शब्द आईसाठी आहे. पहिले सहा शब्द शिकलेले माणूस घरात तयार झाले, की आईला दिवसातून निदान एक झोप मिळाली पाहिजे. पती बोटीवर असेल तर त्यालाही फोनवरून शब्द पाठवावेत. बोटीवर स्पॅनिश बोलणारा सोबती असला तर उच्चार तो सुधारून देईल. सुट्टीवर येईपर्यंत पित्याला नियम पाठ झालेले असतील आणि बाळाला घ्यायला तो भिणार नाही.

स्पॅनिशच का, मराठीत हेच सांगता येत नाही का? येते. पण रोजच्या ‘हळू! जपून!’ या सूचना माणसाला बोचतात, त्याला आपण चुकलो असे वाटते. नवा शब्द मात्र खेळासारखा लागतो. थोरली भावंडेही तो उत्साहाने पकडतात. पट्टी बदलण्याच्या कठीण वेळेत घरच्यांचे रडवे चेहरे न दिसता बोलण्याचा शांत आवाज ऐकू आला, तर बाळालाही बरे वाटते. वेदना मात्र शब्दांनी जात नाहीत. पट्टीपूर्वी द्यायचे वेदनाशामक औषध डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आणखी काही सूचना

दूध पाजण्यापूर्वी ओठांना व्हॅसलीन लावावे. तोंडात फोड असतील तर मऊ व लांबट बोंडले वापरावे. जखमा भरून येण्यास या बाळांना अधिक पोषण लागते, म्हणून वजन नियमित पाहावे. लसी ठरल्याप्रमाणे द्याव्यात. टोचल्यावर जागा चोळू नये, नुसती दाबावी. जखमेभोवती लाली पसरली, पू किंवा दुर्गंधी आली, ताप आला किंवा बाळ दूध घेईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बाप्तिस्म्याआधी पाद्रींना कल्पना द्यावी. पवित्र तेल बोटाने अलगद टेकवता येते, चोळण्याची गरज नाही. पांढरा झगा जाळीचा नसावा, मऊ सुती असावा. तोही उलटा घातला तर देवाघरी काही बिघडत नाही.

रोग मुळापासून बरा करणारे औषध अजून हाती आलेले नाही, पण वाट उघडू लागली आहे. २०१५ साली जर्मनीत एका मुलाच्या शरीराच्या सुमारे ऐंशी टक्के भागावर, जनुक दुरुस्त करून वाढवलेली त्याचीच कातडी लावण्यात आली. २०२२ साली युरोपात भूर्ज जातीच्या झाडाच्या सालीपासून बनवलेले एक मलम मान्य झाले आणि २०२३ साली अमेरिकेत एका प्रकारासाठी जनुक पोचवणारे जेल मान्य झाले. ही औषधे फार महाग आहेत. तोवर बाळाचा आधार म्हणजे जाणते हात.

अशी बाळे क्वचितच जन्मतात. पण ज्या वाड्यावर असे बाळ येईल, तिथल्या शेजाऱ्यांनी दारातून हळहळ करून परत जाऊ नये. हात धुवावेत, पाळण्याजवळ बसावे आणि त्या माउलीला विचारावे, ‘आजचा शब्द कोणता?’