आस्की निघालेलं नागपूर

नागपूरच्या महाल भागातल्या एका डीटीपीच्या दुकानात जुन्या स्मरणिकांचा मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम चाललं होतं. एका टेबलावर लिनक्स, शेजारी मॅक. फाइलचं एन्कोडिंग विचारायला ‘फाइल’ याच नावाची कमांड असते. लिनक्सवर तिला ‘डॅश आय’ जोडलं की ती प्रकार आणि एन्कोडिंग दोन्ही सांगते. मॅकवर तेच टाइप केलं, तर उत्तर आलं ‘रेग्युलर फाइल’. ऑपरेटर वैतागला, “हे का सांगून राह्यलं भाऊ? फाइल आहे, हे तं मले बी माहीत आहे!”

दोन्हीकडे मूळ प्रोग्राम एकच, इयान डार्विन यांनी १९८० च्या दशकात लिहिलेला. पण पॉझिक्स या मानकात छोट्या ‘आय’चा अर्थ आहे, साधी फाइल असेल तर आत डोकावू नकोस. ॲपलने तो पाळला आणि लिनक्सवाला अर्थ कॅपिटल ‘आय’कडे दिला. ‘डॅश डॅश माइम-एन्कोडिंग’ असं पूर्ण लिहिलं की भांडण मिटतं.

खरी फसगत त्यानंतरची. आता दोन्ही यंत्रं एकमतानं म्हणाली, ‘यूएस-आस्की’. मराठी मजकूर आणि रोमन लिपीपुरतं आस्की? फाइलमधले बाइट दाखवणारा हेक्सडंप काढला तेव्हा उलगडलं. मजकूर कृतिदेवमधला होता. या फॉन्टमध्ये ‘नागपूर’ म्हणजे यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. ६ रोमन अक्षरं, ६ बाइट. यूटीएफ-८ मध्ये याच शब्दाला १८ बाइट लागतात, दर चिन्हाला ३. यंत्राला फॉन्ट दिसत नाही, बाइट दिसतात. त्याचं उत्तर चूक कसं म्हणणार? शिवाय आस्की फाइल ही आपोआपच वैध यूटीएफ-८ असते, त्यामुळे ‘आयकॉन्व्ह’ हे एन्कोडिंग बदलणारं साधनही कुरकुर न करता ती जशीच्या तशी परत देतं. अडखळलं असतं तर बरं झालं असतं!

म्हणून कृतिदेवचा वेगळा कन्व्हर्टर लागतो. त्यातही नुसती अक्षरं बदलून भागत नाही. टाइपरायटरच्या वळणाच्या या फॉन्टमध्ये ‘विदर्भ’ लिहिताना वेलांटी ‘व’च्या आधी टाइप होते आणि रफार ‘भ’नंतर; युनिकोडला दोन्ही ठिकाणी उलटा क्रम हवा. वर साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टची नोंद उरत नाही, तेव्हा जाहिरातीतला ईमेल पत्ताही अगम्य देवनागरी होऊन बसतो. असे पत्ते ऑपरेटर छापील अंकातून शोधून आधी कागदावर उतरवतो, मगच कन्व्हर्टर चालवतो.