फासेपारध्याचे निसर्गविज्ञान

अमेरिकेच्या भूगोलात जेडेडाया स्मिथ हे नाव आढळते. बीव्हर या प्राण्याच्या फरसाठी सापळे लावत फिरणारा हा तरुण १८२४ मध्ये रॉकी पर्वतातल्या एका सोप्या खिंडीतून पलीकडे गेला. पुस्तकांत त्याचे नाव राहिले. पण ती वाट त्याला सांगितली होती तिथल्या क्रो लोकांनी.

सापळा लावणाऱ्याला प्राण्याची दिनचर्या पाठ असावी लागते. असे जाणकार आपल्या मराठवाड्यात आणि विदर्भातही आहेत. ते म्हणजे फासेपारधी.

फासा म्हणजे सरकगाठ. अडकलेला पक्षी जितका ओढतो, तितकी ती आवळते. यात अवघड काही नाही. अवघड आहे ते फासा कुठे आणि केव्हा लावायचा हे ठरवणे. तितराचेच उदाहरण घेऊ. पारधी पाळलेला नर तितर पिंजऱ्यात ठेवून भोवती फासे मांडत. तो ओरडला की त्या भागातला नर धावून येई. का बरे? नर आपला इलाका राखतो, आणि परका आवाज त्याला घुसखोराचा वाटतो. तसेच, माणसाला पाहून पळणारे हरीण चरणाऱ्या बैलाला बुजत नाही. म्हणून शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने पारधी पुढे सरकत. प्राणी कशाला धोका समजतो, याचे हे अचूक निरीक्षण आहे.

आता तणमोर पाहा. हा पक्षी फक्त भारतीय उपखंडात आढळतो. पावसाळ्यात माळावरचे गवत वाढते आणि मादीला नर दिसेनासा होतो. मग नर गवताच्या वर उंच उड्या मारतो, दिवसातून शेकडो वेळा, आणि बहुधा ठरलेल्या जागेवरूनच. ही जागा ओळखणाऱ्याला तणमोर धरता येतो, आणि वाचवताही येतो.

इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का बसला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण लोकांच्या मनातला संशय गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली. ती आवश्यकच होती. माळरानांची सरकारदरबारी ‘पडीक’ अशी नोंद झाल्याने ती नांगराखाली गेली. तणमोर दुर्मीळ झाला तो मुख्यतः त्यामुळे. पारध्याचा मात्र धंदा गेला, आणि त्याच्या ज्ञानाला कोणी विचारीनासे झाले.

तरी एक वाट निघाली आहे. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ या संस्थेबरोबर फासेपारधी तणमोर शोधण्याचे आणि गवताळ माळ राखण्याचे काम करू लागले. जी नजर फासा लावण्यासाठी तयार झाली, तीच आता पक्षी मोजते.

शिक्षकमित्रांनो, छत्रपती संभाजीनगर असो वा वाशीम, तुमच्या वर्गात पारध्याचे मूल असेल तर त्याला शिकारीच्या गोष्टी विचारून संकोचात टाकू नका. सगळ्या वर्गाला घेऊन माळावर जा. कोणता पक्षी कधी ओरडतो, कुठे घरटे करतो, याची वर्षभर नोंद ठेवा. कदाचित त्या दिवशी ते मूल तुम्हाला शिकवील. तसे झाले, तर वहीत पहिले नाव त्याचे लिहा.