एका पाकिटाने अडवलेली निवडणूक

पोस्टाने पाठवलेल्या मताचे पाकीट मतदानाचा दिवस उलटून गेल्यावर पाठवणाऱ्याच्याच दारी परत आले. २०२५ साली कॅनडात हे घडले, आणि त्या एका पाकिटापायी एका खासदाराची निवड देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली.

तेरबोन हे गाव क्विबेक प्रांतात, मॉन्ट्रियल शहराच्या उत्तरेला नदीपलीकडे आहे. वस्ती बहुतांशी फ्रेंच भाषकांची. कॅनडा देश म्हणून पाहिला तर इंग्रजीचा; पण क्विबेकात घरची, शाळेची, दुकानाच्या पाटीची भाषा फ्रेंच. तिथल्या प्रांतिक विधिमंडळाने १९७७ साली फ्रेंच भाषेची सनद कायद्याने संमत केली, तीच सनद '१०१ क्रमांकाचा कायदा' म्हणून ओळखली जाते. दिल्लीसारखी त्यांची ओटावा. तिथल्या संसदेत क्विबेकचे गाऱ्हाणे मांडण्यासाठी १९९१ साली 'ब्लॉक केबेक्वा' हा पक्ष निघाला. तो क्विबेकबाहेर एकही उमेदवार उभा करीत नाही. साऱ्या देशाची सत्ता आपल्या हाती येणार नाही हे ठाऊक असूनही निवडणूक लढवायची, ही रीत सीमाभागातील वाचकांना समजावून सांगायला नको. १९९३ साली तर या पक्षाचे ५४ खासदार निवडून आले आणि तो विरोधी पक्षाच्या बाकांवर पहिल्या क्रमांकाने बसला.

२८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत तेरबोनमध्ये ब्लॉकच्या विद्यमान खासदार नाताली सिंक्लेर-देगान्ये आणि लिबरल पक्षाच्या तात्याना ओग्युस्त यांच्यात गाठ पडली. ओग्युस्तबाई मूळच्या हैतीच्या, म्हणजे त्याही फ्रेंच बोलणाऱ्याच. तेव्हा ही लढत फ्रेंच विरुद्ध इंग्रज अशी नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी कॅनडाच्या मालावर जकात लादली आणि कॅनडाने अमेरिकेचे एकावन्नावे राज्य व्हावे अशी भाषा सुरू केली, त्यामुळे पुष्कळ फ्रेंच मतदारही लिबरलांकडे वळले. त्या पक्षाचे नेते मार्क कार्नी यांचे फ्रेंच अडखळते, यावर बरीच टीका झाली. तरी मते पडली. भाषेवरचे प्रेम आणि देशावरचे संकट एकाच वेळी समोर आले की मतदार काय करील, हे कोणत्याही समितीला आधी सांगता येत नाही. हा अनुभव आम्हालाही आहे.

पहिल्या मोजणीत लिबरल थोडे पुढे होते. आकड्यांची पडताळणी झाली तेव्हा ब्लॉकला ४४ मतांची आघाडी मिळाली. तिकडे फरक एकूण मतांच्या हजारांश भागाहून कमी असला की न्यायाधीशांसमोर फेरमोजणी आपोआप होते. मे महिन्यात ती झाली. लिबरल २३,३५२ आणि ब्लॉक २३,३५१! एक मत.

आणि मग त्या पाकिटाची हकीकत बाहेर आली. ते मत ब्लॉकला दिलेले होते, असे मतदार बाईंनी सांगितले. निवडणूक कार्यालयाने पाठवलेल्या परतीच्या पाकिटावर त्याच कार्यालयाचा पोस्टल कोड चुकीचा छापला होता. मतदाराची चूक काहीच नाही. वेळेत मत दिले, वेळेत टपालात टाकले. ब्लॉक न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्विबेकच्या वरिष्ठ न्यायालयाने ही अनवधानाने झालेली माणसाची चूक आहे असे म्हणून निकाल कायम ठेवला. पक्षाने हार मानली नाही. १३ फेब्रुवारी २०२६ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेरबोनची ती निवडणूकच रद्द ठरवली.

एका मताचा निकाल आपल्या राज्यातही लागून गेलेला आहे. २००४ साली चामराजनगर जिल्ह्यातील संतेमरहळ्ळी मतदारसंघात ध्रुवनारायण यांना ४०,७५२ मते पडली आणि कृष्णमूर्ती यांना ४०,७५१. आणि बेळगावने १९९६ साली लोकसभेला ४५६ उमेदवार उभे राहिलेले पाहिले. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष जावे म्हणून आपल्या माणसांनी तेव्हा अर्जांचा पाऊस पाडला होता. अर्ज भरण्याची ती हौस मतदार यादी तपासताना मात्र आमच्यात दिसत नाही, हे लिहायला हवे. सभेला मैदान भरते. यादी वाचायला बोलावले की चौघेजण येतात, त्यात दोघे आम्ही मास्तरच.

आम्ही शिक्षक निवडणुकीच्या कामावर जातो, त्यामुळे कागदावरची चूक मतदाराला कशी माघारी पाठवते हे केंद्रावर बसून पाहिलेले आहे. मराठी नाव कन्नडमध्ये लिहिले जाते, तिथून इंग्रजीत, आणि पुन्हा मराठीत येईतो आडनाव ओळखू येत नाही. आमच्या गल्लीतील एका सत्तरीच्या काकूंची नोंद गेल्या यादीत पुरुष म्हणून झाली. दुरुस्तीसाठी त्यांच्या मुलाने तीन हेलपाटे घातले. पहिला अर्ज गहाळ झाला, दुसऱ्या वेळी साहेब जागेवर नव्हते. मुलगा कंटाळला. "एका मताने काय होतंय, गुरुजी?" असे तो आम्हाला म्हणाला. त्याला तेरबोनची गोष्ट सांगितली.

काकूंचा फॉर्म नंबर ८ परवा आम्ही बरोबर जाऊन पुन्हा भरून दिला. या वेळी पोच घेतली आहे.