८ जीबी रॅम टाकली, तरी कॉम्प्युटर ३ जीबीच का वापरतो?

पिंपरी पेंढारला आमच्या घरी एक जुना डेस्कटॉप आहे. विंडोज ७, ४ जीबी रॅम. माझा चुलत भाऊ त्यावर लग्नाचे अल्बम आणि यात्रेचे फ्लेक्स बनवतो. मोठी फाइल उघडली की ‘मेमरी कमी आहे’ असा मेसेज यायचा आणि प्रोग्रॅम बंद. त्याने फोन केला, "दादा, काय करू?" मी ऑफिसच्या गडबडीत सांगून टाकलं, "अजून ४ जीबी रॅम टाक." कांद्याच्या पट्टीतले पैसे घालून त्याने रॅम टाकली. फरक शून्य!

दिवाळीला घरी गेल्यावर पाहिलं तर स्क्रीनवर लिहिलेलं होतं: रॅम ८ जीबी, त्यातली वापरण्याजोगी २.९८ जीबी. रॅम चांगलीच होती. चूक माझी होती. विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, हे मी विचारलंच नव्हतं.

३२ बिटचं गणित

मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो. ३२ बिटमध्ये असे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बनतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. विंडोज ७ ची ३२ बिट आवृत्ती यापुढची रॅम वापरत नाही. जमीन आहे, पण सातबाऱ्यावर नोंदच नाही, तसं काहीसं.

मग ४ पैकी ३ च का?

कारण याच पत्त्यांमध्ये ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क, साउंड यांनाही जागा द्यावी लागते. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याच्या मेमरीसाठी काही पत्ते राखून ठेवले जातात आणि तेवढी रॅम दिसेनाशी होते. ग्राफिक्स मदरबोर्डवरच असेल तर ते थेट तुमच्या रॅममधूनच वाटा उचलतं. तुमच्या मोबाइलमध्येही असंच असतं, तिथे ग्राफिक्स आणि प्रोसेसर एकच रॅम वाटून घेतात.

त्यात भर म्हणजे ३२ बिट विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमला साधारणपणे २ जीबीपर्यंतच जागा मिळते. मोठा फ्लेक्स तिथेच अडकतो.

आधी हे तपासा

१. ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. रॅम किती आणि ‘सिस्टिम टाइप’ ३२ बिट की ६४ बिट, ते तिथेच कळतं.

२. डेस्कटॉपवर राइट क्लिक, ‘स्क्रीन रिझोल्यूशन’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’. इथे ‘डेडिकेटेड’ म्हणजे ग्राफिक्सची राखीव मेमरी आणि ‘शेअर्ड’ म्हणजे गरज पडली तर रॅममधून घेता येणारी. एकूण आकडा बघून हुरळून जाऊ नका, त्यात ही उधारीही धरलेली असते.

३. ६४ बिट असूनही रॅम कमी दिसते? ‘एमएसकॉन्फिग’ उघडून ‘बूट’मधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा. ‘मॅक्सिमम मेमरी’वर टिक असेल तर काढा. बायोसमध्ये ‘मेमरी रीमॅप’ असेल तर ते चालू करा.

उपाय काय?

प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर ६४ बिट सिस्टिम टाका. ३२ वरून ६४ वर थेट अपग्रेड होत नाही, सगळं नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. म्हणून आधी फोटो आणि फाइल्सचा बॅकअप घ्या. लाइटचा भरवसा नसेल तर यूपीएस लावूनच बसा. आणि डिझाइनचं सॉफ्टवेअरही ६४ बिटचंच घ्या, नाहीतर अर्धा फायदा वाया जातो.

६४ बिट शक्य नसेल तर बायोसमध्ये ग्राफिक्सला दिलेला रॅमचा वाटा कमी करून पाहा आणि एअरो थीम बंद करा. थोडा श्वास मिळतो, चमत्कार होत नाही.

एक लक्षात ठेवा: विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार टाळा. इंटरनेट रोज लागणार असेल तर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती बघा, ती फुकट आहे. फक्त तुमचं डिझाइन सॉफ्टवेअर आणि मराठी फॉन्ट त्यावर चालतात का, ते आधी तपासा.

आमच्याकडे ६४ बिट टाकल्यावर भावाची तीच रॅम कामाला आली. आता कुणी "रॅम वाढवू का?" विचारलं, की मी आधी ‘प्रॉपर्टीज’चा फोटो मागवतो. तुम्हीही दुकानात जाण्याआधी तो बघा.