इनडोअर व बीच व्हॉलीबॉल खेळाडूंची ऊर्ध्व उडी : पृष्ठभागाचा परिणाम आणि मापनाच्या मर्यादा

प्रस्तावना :
व्हॉलीबॉलमधील स्मॅश, ब्लॉक आणि उडी घेऊन केलेली सर्व्हिस ही कौशल्ये खेळाडू किती उंच उडी घेतो यावर बऱ्याच अंशी अवलंबून असतात. म्हणूनच संघनिवडीत ऊर्ध्व उडीच्या चाचणीला महत्त्व दिले जाते. मात्र कठीण पृष्ठभागावर घेतलेल्या एकाच चाचणीवरून इनडोअर व बीच अशा दोन्ही संघांची निवड केल्यास योग्य खेळाडूवर अन्याय होण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात त्याची कारणमीमांसा केली आहे.

दोन्ही प्रकारांतील साम्य व भेद :
ऑलिंपिकमध्ये इनडोअर व्हॉलीबॉलचा समावेश १९६४ साली टोकियो येथे, तर बीच व्हॉलीबॉलचा १९९६ साली अटलांटा येथे झाला. जाळ्याची उंची दोन्हींत समान, म्हणजे पुरुषांसाठी २.४३ मीटर व महिलांसाठी २.२४ मीटर आहे. इनडोअरचे मैदान १८ × ९ मीटर असून संघात सहा खेळाडू खेळतात. बीचवर १६ × ८ मीटरचे मैदान दोघांनाच सांभाळावे लागते. त्यामुळे बीच खेळाडूची उडी अनेकदा वाळूतील धावपळीनंतर, थकलेल्या पायांनी घेतलेली असते.

वाळूचा परिणाम :
उडीपूर्वी खेळाडू गुडघे वाकवून झटकन खाली जातो. या क्रियेत स्नायू व कंडरा ताणले जातात, त्यांत स्थितिस्थापक ऊर्जा साठते आणि लगेच येणाऱ्या आकुंचनात ती उपयोगी पडते. लाकडी पृष्ठभाग पायाला घट्ट आधार देतो. वाळूत मात्र पाय रुततो, बलाचा काही भाग वाळू सरकवण्यात खर्च होतो आणि ताण व आकुंचन यांतील अवधी लांबल्याने साठलेल्या ऊर्जेचा लाभ घटतो. शिवाय पाय मागे घसरत असल्याने धावत येण्याच्या वेगाचे उडीत रूपांतर करणे कठीण जाते. परिणामी त्याच खेळाडूची उडी वाळूवर कमी भरते.

मापनातील अडचण :
सार्जंट यांनी १९२१ साली मांडलेल्या चाचणीच्या प्रचलित पद्धतीत उभे राहून व उडी घेऊन हात पोहोचलेल्या उंचींतील फरक मोजतात. दुसऱ्या पद्धतीत हवेतील कालावधीचा वर्ग करून त्यास गुरुत्वत्वरणाने गुणतात व आठने भागतात. उदाहरणार्थ, ०.६ सेकंदास सुमारे ४४ सेंटिमीटर उंची येते. हे सूत्र उडी व उतरण यांची पातळी समान धरते. वाळूत उतरताना पाय अधिक खोल गेल्यास कालावधी वाढतो आणि उडी प्रत्यक्षाहून अधिक दिसते.

प्रशिक्षण :
इम्पेलिझेरी व सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या फुटबॉलपटूंवरील अभ्यासात चार आठवड्यांच्या उड्यांच्या सरावाची तुलना केली होती. वाळूवरील गटात स्नायूंचे दुखणे कमी आढळले व स्थिर बैठकीतून घेतलेल्या उडीत अधिक सुधारणा झाली. झटकन खाली जाऊन घेतलेल्या उडीत मात्र गवतावरील गट सरस ठरला. म्हणजेच एक पृष्ठभाग दुसऱ्याला पर्याय ठरत नाही.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ऊर्ध्व उडी ही खेळाडू व पृष्ठभाग यांची संयुक्त निष्पत्ती आहे. म्हणून बीच संघासाठी चाचणी समतल केलेल्या वाळूवर, हाताच्या पोहोचीच्या पद्धतीने घ्यावी. दोन पृष्ठभागांवरील आकडे एकाच यादीत मांडू नयेत. आणि सरावाचा मुख्य भाग स्पर्धेच्याच पृष्ठभागावर व्हावा. शारीरिक शिक्षण विभागांना हे फारशा खर्चाशिवाय करता येण्याजोगे आहे.