पानगळ जाळू नका, वाफ्यावर पसरा

फेब्रुवारीत थंडी ओसरली की उन्हाळी भाज्या लावायची वेळ होते. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दुधी यांचं बी उबदार मातीत लवकर रुजतं. उत्तर भारतात राहत असाल तर थंडी पुरती कमी होईपर्यंत थांबा. भेंडीचं बी रात्रभर भिजवून अर्धा ते एक इंच खोल पेरा.

खरी परीक्षा मार्च-एप्रिलच्या उन्हात असते. सकाळी पाणी घातलं तरी उघडी माती दुपारी कोरडी पडते आणि कोवळी रोपं माना टाकतात. यावरचा उपाय सध्या झाडांखालीच पडलेला आहे, तो म्हणजे वाळलेली पानं.

रोपं चार बोटं उंच झाली की भरपूर पाणी द्या, मग पानांचा दोन-तीन इंचांचा थर पसरा. पेंढा किंवा उसाचं पाचटही चालेल. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड कुजतं. बी उगवण्याआधी मात्र जाड थर नको, कोंब खालीच अडकतात.

कुंड्यांनाही हेच करा. पाणी देण्यापूर्वी थर बाजूला सारून माती बोटाने चाचपा. ओलसर असेल तर त्या दिवशी पाणी वाचलं! पुढे हीच पानं हळूहळू कुजून मातीला खत देतील.