समन्यायाचे दार कोणते?

केशवसुतांच्या मालगुंडात काय किंवा रत्नागिरी तालुक्यातील अन्य कोणत्याही गावात काय, तंट्याचे मूळ बहुधा लहानच असते. समजा, पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीत असलेल्या पाखाडीवर शेजाऱ्याने गडगा रचला. कलमांच्या बागेत जाण्याची वाट बंद झाली आणि आंब्याचा हंगाम तर तोंडावर आलेला. अशा माणसाला नुकसानभरपाईचे चार पैसे नको असतात, वाट मोकळी हवी असते. पैशाने भरून न येणारी हानी थांबविणे, दिलेला शब्द पाळावयास लावणे, विश्वासाने सोपविलेल्या मिळकतीचा हिशेब मागणे, या सर्व उपायांचे मूळ ज्या तत्त्वात आहे त्यास समन्याय म्हणतात. तो मागावयाचा कोणत्या न्यायालयात, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी सामान्य माणसाच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा आहे.

इंग्लंडात शतकानुशतके कायद्याची न्यायालये वेगळी आणि समन्यायाचे चॅन्सरी न्यायालय वेगळे होते. एकाच तंट्यासाठी पक्षकाराला दोन दारे ठोठवावी लागत. १८७३ ते १८७५ या काळातील कायद्यांनी हा दुजाभाव संपला. मुंबई शहरात १८२३ च्या सनदेने स्थापन झालेल्या सुप्रीम कोर्टातही समन्यायाचे अधिकारक्षेत्र निराळे होते. मुफस्सलातील चित्र मात्र वेगळे होते. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीतील १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने तेथील न्यायाधीशांना असे सांगितले की, जेथे लेखी कायदा नाही, देशरूढी नाही आणि प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदाही लागू पडत नाही, तेथे न्याय, समन्याय व सदसद्विवेक यांस अनुसरून निवाडा करावा. कायदा आणि समन्याय अशा रीतीने एकाच हाती आले. लंडनच्या पक्षकाराला जे १८७५ साली लाभले, ते रत्नागिरीच्या पक्षकाराला जवळजवळ अर्धशतक आधी लाभले होते.

आजही आपल्याकडे समन्यायाचे स्वतंत्र न्यायालय नाही आणि त्याची गरजही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९ प्रमाणे, कायद्याने स्पष्टपणे अथवा गर्भितपणे मनाई केलेली नसेल तर प्रत्येक दिवाणी तंटा दिवाणी न्यायालयापुढे चालतो. मनाईहुकूम, हक्काचा जाहीर ठराव, कराराची प्रत्यक्ष पूर्तता हे उपाय १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाने त्याच न्यायालयाच्या हाती दिले आहेत. जमीन मालगुंडची तर तिच्याविषयीचा दावा त्या हद्दीच्या न्यायालयात, आणि तोही दाव्याच्या मूल्याप्रमाणे अधिकार असलेल्या सर्वांत खालच्या पायरीवर. उच्च न्यायालयाची पायरीही १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्ह्याकरिता कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये आली आहे.

परंतु ‘मनाई नसेल तर’ या तीन शब्दांतच सारी गोम आहे. वादात कुळाचा प्रश्न निघाला, तर १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे तो मामलेदाराकडे पाठवावा लागतो व तोवर दिवाणी दावा थांबतो. अमुक मिळकत सार्वजनिक विश्वस्तसंस्थेची आहे की नाही, हे १९५० च्या कायद्यानुसार धर्मादाय कार्यालय ठरविते. शेतीच्या वाटेस किंवा पाण्यास अडथळा झाला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यान्वये मामलेदारही, म्हणजे आजचा तहसीलदारही, मनाईहुकूम काढू शकतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा आला पाहिजे. हा निर्णय तातडीचा आहे, अखेरचा नव्हे. हक्काचा कायमचा निकाल दिवाणी न्यायालयातूनच मिळवावा लागतो.

खेडुताची फसगत होते ती येथे. गडगा उभा राहिला की तो प्रथम तलाठ्याकडे जातो, मग पोलीस ठाण्यात, मग तंटामुक्ती समितीपुढे. समेटाचा प्रयत्न स्तुत्यच आहे. पण समेटाची बोलणी चालू आहेत म्हणून कायद्याची मुदत थांबत नाही. सहा महिने उलटतात आणि जवळचे दार बंद होते. दिवाणी न्यायालयाचे दार उघडे राहते खरे. पण तात्पुरता मनाईहुकूम मागताना सकृद्दर्शनी हक्क, सोयीगैरसोयीचा तोल आणि भरून न येणारी हानी या तिन्ही कसोट्यांस उतरावे लागते. इतके दिवस स्वस्थ बसलात, मग आताच निकड कसली, हा प्रश्न तेथे अटळ असतो. विलंबाने समन्याय दुबळा होतो आणि स्वच्छ हातांनी न येणाऱ्याला तो मिळतच नाही.

इंग्लंडने दोन दारांची पायपीट दीडशे वर्षांपूर्वी संपविली. आपण ती महसूल कचेरी आणि दिवाणी न्यायालय यांच्या दरम्यान निराळ्या रूपात जतन केली आहे. तज्ज्ञ यंत्रणा असाव्यात, त्यांस विरोध नाही. पण दार चुकल्याची शिक्षा अज्ञानी पक्षकाराला का? प्रकरण दिवाणी न्यायालयाच्या योग्यतेचे वाटल्यास तहसीलदाराने तसे पहिल्याच तारखेस, कारणांसह, लेखी सांगावे; पाचव्या महिन्यात नव्हे. प्रत्येक ग्रामपंचायतीत व तलाठी कार्यालयात एक फलक लागावा: वाट, विहीर, कूळ, देवस्थान आणि साठेखत यांचे तंटे कोठे न्यावेत व किती मुदतीत. १९८७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या विधिसेवा प्राधिकरणांचे हे कामच आहे. गावातील शिक्षकांनी व कारकुनांनी त्यात पुढाकार घेतला, तर शेजाऱ्याच्या अर्जावर पहिल्याच दिवशी योग्य पत्ता पडेल.